डोळे मिटले की जीव घाबरतो, मग ध्यान करायचं कसं?

‘ध्यानाला बसते, पण मन लागत नाही’ ही तक्रार लातूरच्या माझ्या खोलीत जवळपास रोज येते. बहुतेकांना मी सांगते की मन भरकटणारच, त्याची ती सवयच आहे. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी सव्वादोन हजार लोकांना दिवसभरात अधूनमधून मोबाइलवर विचारलं, ‘आत्ता मन हातातल्या कामात आहे का?’ २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा दिसलं की जवळजवळ ४७ टक्के वेळा मन भलतीकडेच होतं. तेव्हा विचार आले म्हणून ध्यान बिघडलं असं कुणी मानू नये. मन गेलं हे लक्षात येणं आणि त्याला न रागावता परत आणणं, हाच तो सराव. पाच मिनिटांत वीसदा गेलं आणि वीसदा परत आणलं, तर वीसदा सराव झाला.

एवढं ऐकून पुष्कळांचं काम भागतं. पण काही वेळा तक्रारीचे शब्द तेच असतात आणि आत दुखणं वेगळं असतं. त्यातली एक हकिकत त्या ताईंच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई नीटची तयारी करणाऱ्या मुलांसाठी मेस चालवतात. पहाटे उठायचं, पोळ्यांचा ढीग लाटायचा, डबे भरायचे, दुपारी परत तेच. झोप उडालेली, चिडचिड वाढलेली. कॉलनीतल्या बायकांनी सांगितलं, पहाटे चारला ध्यानाला बसत जा, ब्रह्ममुहूर्तावर बसलं की मन आपोआप लागतं. ताई मनापासून बसल्या. देवघरातला दिवा बंद, दार लावलेलं, डोळे मिटलेले. पंधरवड्यातच माझ्याकडे आल्या.

“मॅडम, मला जमंना गेलंय. डोळे मिटले की जीव घाबरूलालाय. श्रद्धाच कमी पडत असंल माझी.”

असं कुणी म्हणालं की मी आधी शरीराबद्दल विचारते. घाबरतं म्हणजे सुरुवात कुठून होते? छातीत, पोटात, हातात? ताई थोडा वेळ आठवत बसल्या आणि म्हणाल्या, “पायातून. मांडी घालून बसलेली असते, तरी खालची फरशी हलल्यासारखी वाटती.”

माहेर कुठलं, असं विचारलं. किल्लारीच्या शेजारचं, तेरणेच्या बाजूचं गाव निघालं. भूकंप झाला तेव्हा त्या सातवीत होत्या.

आमच्या भागात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून गावं झोपलेली आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या धाब्यांखाली माणसं झोपेतच गेली, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास. ताईंना काकाने ओढून बाहेर काढलं होतं. आजी आणि धाकटा भाऊ आतच राहिले. हे सगळं त्यांनी स्वयंपाकाचा हिशेब सांगावा तसं सांगितलं. पहाटे चारची वेळ, अंधार, बंद दार आणि आताची धडधड यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे तोवर त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

सगळी धडधड भूकंपाचीच, असं मी ठामपणे म्हणणार नाही. झोप कमी, काम जास्त, पाळी जायचं वय, हेही सोबत होतंच. त्यासाठी थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यायला सांगितली. पण एक गोष्ट नक्की. मोठा धक्का सोसलेलं शरीर कधीकधी वर्षानुवर्षं पहारा सोडत नाही. दिवसभर कामाच्या रगाड्यात तो पहारा जाणवत नाही. डोळे मिटले, आवाज थांबले, हाताला काम उरलं नाही, की तो पुढे येतो. अशा माणसाला ‘अजून नेटाने बस’ म्हणणं योग्य नाही. श्रद्धेचा तर यात काहीच प्रश्न नाही. ताईंना मी हे दोनतीनदा स्पष्ट सांगितलं, कारण त्या स्वतःला खरंच दोष देत होत्या.

मग आम्ही सगळंच बदललं. पहाट सोडली. अकराच्या सुमारास शेवटचा डबा गेला की घरात थोडी उसंत असायची, ती वेळ धरली. मांडीऐवजी खुर्ची, दाराजवळ, दार उघडं. पावलं पूर्ण जमिनीवर टेकलेली. डोळे उघडे, नजर समोरच्या तुळशीच्या कुंडीवर. आणि लक्ष श्वासाकडे न देता आवाजांकडे द्यायचं. ज्याला आधीच धडधडतं, त्याला ‘श्वास पाहा’ म्हटलं की तो श्वासच मोजत बसतो आणि घाबरतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. ताई ऐकायच्या ते आवाज असे: गल्लीतला ऑटो, शेजारच्या कुकरची शिट्टी, वरच्या खोलीत पाठांतर करणारा मुलगा. आवाज आला, ऐकला, गेला. फक्त पाच मिनिटं. फरशी हलल्यासारखी वाटली तर टाचा दाबून जमीन आहे तिथे आहे याची खात्री करायची आणि तरीही नाही थांबलं तर सरळ उठायचं. उठण्याची मोकळीक आहे हे कळल्यावरच त्यांना बसणं सोपं झालं.

श्वास आम्ही बऱ्याच दिवसांनी आणला, तोही विठ्ठलनामाच्या वाटेने. घरात वारकरी वळण होतं, नाम तोंडात होतं. नाम मोठ्याने, सावकाश म्हटलं की सोडलेला श्वास आपोआप लांबतो आणि श्वास सोडताना हृदयाची गती किंचित उतरते. बहुतेकांच्या शरीरात हे घडतं. ताईंना ते समजावल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे भजनात बसल्यावर बरं वाटायचं, ते उगीच नव्हतं तर.”

सुरू करण्यापेक्षा टिकवणं अवघड गेलं. मे-जूनमध्ये जुनी मुलं जातात, नवी येतात, गॅस-किराण्याचा हिशेब डोक्यावर बसतो. त्यातच सासरे दवाखान्यात दाखल झाले. ताईंचा सराव पार सुटला आणि त्या परत आल्या त्या तोंड पाडूनच. “आता पहिल्यापासून सुरू करावं लागंल ना?”

अजिबात नाही. सराव म्हणजे उपवास नव्हे की एक घास खाल्ला आणि मोडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासकांनी ९६ जणांची नवी सवय कशी रुजते ते तपासलं. साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा त्यांचा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने रुजण्यात फारसा फरक पडला नाही. लोकांनी नवी गोष्ट रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडली होती, उदाहरणार्थ न्याहारीनंतर. म्हणून मी घड्याळाची वेळ धरायला सांगत नाही. ताईंसाठी खूण होती ती शेवटचा डबा. डबा दहाला जावो की बाराला, तो गेला की खुर्ची. ज्या दिवशी पाच मिनिटंही नाहीत, त्या दिवशी खुर्चीवर नुसतं टेकायचं, एकदा नाम घ्यायचं आणि उठायचं. कॉलनीतल्या बायकांना हे ध्यान वाटलं नाही. ताईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही, हे मला फार आवडलं.

आता त्यांची झोप बरीच सुधारली आहे. मुलांवर ओरडणं कमी झाल्याचं मुलांनीच त्यांना सांगितलं. डोळे त्या अजून मिटत नाहीत आणि मीही आग्रह धरलेला नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला ध्यानात बसल्यावर जुने प्रसंग समोर घडल्यासारखे दिसत असतील, आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर तिथे ध्यान वाढवू नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

मागच्या भेटीत ताईंनी दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचं विचारलं. तिथे मौन असतं, दिवसभर डोळे मिटून बसणं असतं आणि पहाटे चारची घंटा असते. शिबिराच्या अर्जात मानसिक त्रासाबद्दल विचारतात, तिथे भूकंपाची रात्र आणि आत्ताची धडधड दोन्ही न लपवता लिहा, असं मी सांगितलं आहे. दिवाळीत मेस बंद असते, तेव्हा जायचं की अजून एक वर्ष खुर्चीवरच बसायचं, हे आमचं अजून ठरलेलं नाही.