चक्रफुलापासून टॅमिफ्लू बनतं, मग फ्लूच्या साथीत चक्रफुलाचा काढा का नको?

तुम्ही विचारलंय की चक्रफुलात टॅमिफ्लू असतंच, तर साथ आल्यावर घरात माणशी किती फुलांचा काढा द्यायचा. प्रमाणाचं नंतर बघू, आधी ते पहिलं वाक्य खोडा. चक्रफुलात टॅमिफ्लूचा, म्हणजे फ्लूवरच्या त्या औषधाचा, एक कणही नसतो. 2009 मध्ये स्वाइन फ्लूमुळे पुण्यातल्या शाळा बंद झाल्या, तेव्हाही हा समज होता आणि अजूनही आहे. वनस्पतींचे अर्क काढणं हेच माझं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चक्रफुलात असतं ते शिकिमिक आम्ल, म्हणजे टॅमिफ्लूचा कच्चा माल, सुक्या फळाच्या वजनाच्या साधारण 3 ते 7 टक्के. ते वेगळं काढणं फार अवघड नाही. 30 ग्रॅम फळं जाडसर भरडायची. पिठासारखी दळली तर गाळण चोंदते आणि दिवस त्यातच जातो. भरड अल्कोहोलमध्ये उकळून अर्क काढायचा, अल्कोहोल उडवलं की तळाशी तपकिरी, चिकट राब उरतो. तो सुमारे 80 अंशांच्या पाण्यात घोळला की आम्ल पाण्यात उतरतं आणि तेलकट भाग बराचसा मागे राहतो. हे पाणी गाळून आयन-बदल रेझिनच्या, म्हणजे आम्ल धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या, नळीतून सोडायचं. आम्ल रेझिनला धरून बसतं, साखर वाहून जाते. मग पातळ ॲसेटिक आम्ल सोडून ते मोकळं करायचं आणि आटवायचं. नवशिके इथेच घाई करतात. धार मोठी ठेवली की आम्ल रेझिनला चिकटायच्या आतच निसटतं, आणि मग "मालच हलका होता" म्हणून वाण्याला दोष. नीट जमलं तर शेवटी पांढरे स्फटिक मिळतात. टास्मानियातल्या रसायनशास्त्रज्ञांनी तर घरगुती एस्प्रेसो मशीनमधून हा अर्क काढून दाखवलाय.

म्हणजे तुमच्या काढ्यातही शिकिमिक आम्ल उतरणारच. 2 फुलं साधारण 2 ग्रॅम धरली, तर त्यांत 60 ते 140 मिलिग्रॅम. पण फ्लूच्या विषाणूला ते रोखत नाही. नवे विषाणू पेशीला जणू धाग्याने चिकटलेले असतात आणि न्यूरामिनिडेज नावाच्या एन्झाइमने तो धागा कापून सुटतात. टॅमिफ्लूतलं ओसेल्टामिविर त्या एन्झाइमच्या खाचेत घट्ट बसतं. बसायला त्याला एक अमिनो गट, एक ॲसिटामाइड गट आणि एक तेलकट शेपूट लागते. शिकिमिक आम्लावर त्या तिन्ही जागी नुसते हायड्रॉक्सिल गट आहेत. ते बदलायला कारखान्यात सुमारे 10 टप्पे लागतात, त्यांतल्या काहींत स्फोटाचा धोका असलेली अझाइड नावाची रसायनं वापरतात. आपल्या शरीरात हे बदल होत नाहीत.

म्हणून "कंपन्यांनी आपल्या मसाल्याच्या डब्यातलं औषध पळवलं" हे मला अजिबात मान्य नाही. डब्यात होता तो कच्चा माल. पण "झाडपाला म्हणजे थोतांड" म्हणणाऱ्यांशीही माझं तेवढंच भांडण आहे. 2005 मध्ये बर्ड फ्लूच्या धास्तीने देशोदेशींची सरकारं टॅमिफ्लू साठवू लागली, तेव्हा औषध अडलं ते चीनच्या ग्वांगशीकडच्या या फळावर. पुढे ई. कोलाय जिवाणूंकडून शिकिमिक आम्ल करून घेण्याची पद्धत रुळली, पण सुरुवात झाडानेच करून दिली.

आता धोक्याचं. शिकिमिक हे नाव ज्या जपानी शिकिमी झाडावरून आलं, ज्यातून 1885 मध्ये हे आम्ल पहिल्यांदा वेगळं केलं, त्याचं फळ विषारी आहे. दिसायला चक्रफुलाचं जुळं भावंड. त्यातल्या ॲनिसॅटिनने फेफरं येतं. 2001 मध्ये नेदरलँड्समध्ये ही भेसळ असलेला चहा पिऊन लोकांना झटके आले, म्हणजे गरम पाण्यात विष उतरतं. खऱ्या चक्रफुलाला बहुधा 8 जाड, होडीसारख्या पाकळ्या असतात आणि मोडल्यावर बडीशेपेसारखा गोड वास येतो. जपानी फळ लहान, पाकळ्यांची टोकं जास्त वळलेली, वास कापराकडे झुकणारा. शंका आली तर टाकून द्या, कारण खात्री प्रयोगशाळेतच होते. पूड तर घेऊच नका, त्यात डोळ्यांना काहीच ओळखू येत नाही.

टॅमिफ्लू घ्यायचं तर डॉक्टरांनी सांगितल्यावरच: मोठ्या माणसाला 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 5 दिवस, आणि लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत सुरू केलं तर खरा फायदा. करोनावर त्याचा उपयोग नाही. राहिलं काढ्याचं प्रमाण. औषध म्हणून ते शून्य. चवीसाठी चौघांच्या चहात एक फूल चालेल, तान्ह्या बाळाला मात्र चमचाभरही नको.