खंदकातली बोली

प्रश्न : ज्याच्यामुळे 'लगान'चं ऑस्कर हुकलं, तो 'नो मॅन्स लँड' परवा मोबाईलवर पाहिला. वीस-बावीस वर्षांचा राग निवळला. पण एक अडलं. बोस्नियाच्या युद्धात खंदकात अडकलेले ते दोघे, एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुसलमान) आणि एक सर्ब, एकमेकांच्या जिवावर उठलेले. मग दुभाष्याशिवाय ते इतकं कचाकचा भांडतात कसे? की सिनेमाची सोय म्हणून तसं दाखवलंय?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सोय नाही हो, सगळी गोम तिथंच आहे.

राग माझाही होता. २००२च्या मार्चमधली ती सकाळ. बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून टीव्हीसमोर बसलो होतो. गोवारीकर म्हणजे आपला माणूस! नाव भलत्याचंच पुकारलं, तेव्हा मी टीव्ही बंद करून तणतणत कामावर गेलो. पुढे फिल्म सोसायटीत तो सिनेमा पाहिला आणि गप्प बसलो.

तुम्हाला पडलेला प्रश्न तेव्हा मलाही पडला होता. युगोस्लाव्हिया एक होता तोवर या भाषेला सर्बो-क्रोएशियन म्हणत. देश फुटला, तशी एकाच बोलीची सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन अशी नावं झाली. फरक आहेत, पण आपल्या कोल्हापूर-नागपूरइतकेही नसतील. बोस्नियात सिगरेटच्या पाकिटावर 'धूम्रपान जीवघेणं आहे' हा इशारा तीन भाषांत छापत. तिन्ही वाक्यं एकच, फक्त एक सिरिलिक, म्हणजे रशियनसारख्या लिपीत. सिनेमात सर्ब नीनो झालेला नट तर क्रोएशियाचा आहे.

आता तो प्रसंग आठवा. बंदूक बोस्नियाक चिकीच्या हातात असते, तेव्हा तो नीनोकडून वदवून घेतो की युद्ध तुम्ही सुरू केलंत. थोड्या वेळानं बंदूक नीनोकडे जाते आणि तेच उत्तर उलट्या बाजूनं येतं. शब्द तेच, भाषा तीच. मध्येच कळतं की बान्या लुका शहरातली सान्या नावाची मुलगी दोघांच्याही ओळखीची. क्षणभर ते गावच्या पारावर बसल्यासारखे बोलतात. दुभाषा लागतो तो बाहेरून आलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकांना.

दिग्दर्शक डॅनिस तानोविच स्वतः वेढ्यातल्या साराजेव्होत बोस्नियन सैन्याबरोबर कॅमेरा घेऊन फिरलेला. शत्रू शेजारचाच असतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आपल्या हिंदी युद्धपटांत पलीकडचा अधिकारी ओळखायचा तर 'जनाब' ऐकायचं. डोळ्यांत सुरमा असला तर प्रश्नच मिटला. अमृतसरचा आणि लाहोरचा जवान एकाच पंजाबीत शिव्या देतील, हे आपले लेखक सोयीस्कर विसरतात. हे मला खटकतं, मग सिनेमा कितीही देशभक्तीचा असो.

सबटायटल्समध्ये हे सगळं सपाट होतं. म्हणून पुढच्या खेपेला इअरफोन लावा, शब्द कळले नाहीत तरी सूर ऐका. आणि यास्मिला झ्बानिचचा 'क्वो वादिस, आईदा?' (२०२०) बघा. जुलै १९९५, बोस्नियातलं स्रेब्रेनिका. पुढच्या काही दिवसांत तिथले आठ हजारांहून जास्त बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. आईदा मूळची शाळामास्तरीण, आता राष्ट्रसंघाच्या डच सैनिकांची दुभाषी. डच कर्नल सर्ब सैन्यावर हवाई हल्ल्याची हमी देतो. ती हमी महापौरांना तिच्या तोंडून ऐकावी लागते, आणि त्यांचा अविश्वासही तिच्याच तोंडून कर्नलकडे परत जातो. विमानं काही येत नाहीत.

पण मला विसरता येत नाही तो छोटा प्रसंग वेगळा. तळावर आलेला एक सर्ब सैनिक तिला पाहून थबकतो. तिचाच जुना विद्यार्थी. खांद्यावर बंदूक, आणि तो अदबीनं 'बाई' म्हणून हाक मारतो, तिच्या मुलाची चौकशी करतो. या एका संभाषणाला दुभाषा लागत नाही.