एमबीबीएसनंतर फॅमिली डॉक्टर व्हायचंय. थेट दवाखाना टाकावा की पुढे शिकावं?

इंटर्नशिप संपत आलीय, स्पेशालिस्ट व्हायचं नाही, तालुक्याच्या गावी दवाखाना टाकायचाय आणि घरचे म्हणतात ‘आता बस झालं शिक्षण’, असं तुम्ही लिहिलंय. मी फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी (एमबीबीएसनंतरचं, एमडीच्या तोडीचं शिक्षण) करून गावातच प्रॅक्टिस करते. माझं ऐकाल तर लगेच टाकू नका.

कायद्याने काही अडत नाही. साडेचार वर्षं, वर्षाची इंटर्नशिप आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी झाली की पाटी लावता येते. अडतं ते खुर्चीत बसल्यावर. वॉर्डात पेशंट येतो तेव्हा तो मेडिसिनचा की सर्जरीचा, हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. दवाखान्यात तो नुसता ‘बरं वाटत नाही’ म्हणतो.

सरकारी कॉलेजात शिकला असाल तर एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बॉण्ड आहेच. तो पैसे भरून टाळू नका. माझा बॉण्ड कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाला. फुरसं चावलेला पेशंट रात्री आला की काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरपी करून बघायचं. रक्त न गोठता पाण्यासारखं वाहिलं की सापाच्या विषावरची लस लगेच सुरू. ती 20 मिनिटं मला पुस्तकातून कधीच कळली नसती. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध देणारे डॉ. हिंमतराव बावस्करसुद्धा महाडजवळ बिरवाडीच्या अशाच केंद्रात काम करत होते.

त्यानंतर नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं डीएनबी. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, प्रसूती, सगळीकडे फिरवतात आणि स्टायपेंडही मिळतो. फक्त हॉस्पिटल निवडण्याआधी तिथल्या आत्ताच्या रेसिडेंटला फोन करा. आमच्याकडे पहिलं वर्षभर आम्हाला कॅज्युअल्टीतच (तातडीच्या विभागात) राबवलं, ओपीडी जवळपास दिसलीच नाही. पुढे भांडून बालरोगची पोस्टिंग मिळवावी लागली. तीन वर्षं जड वाटत असतील तर एनबीईएमएसचा (डीएनबीची परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा) दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. एमडी फॅमिली मेडिसिन केरळातल्या कोझिकोडच्या सरकारी कॉलेजात आहे, पण जागा मोजक्याच. प्रॅक्टिस सुरू झाल्यावर वेल्लोरच्या सीएमसी या मेडिकल कॉलेजचा दूरशिक्षणाचा कोर्स चांगला, पण तो डीएनबीची जागा घेत नाही.

आणि मधल्या सुट्टीत एखाद्या जुन्या डॉक्टरांच्या शेजारी महिनाभर नुसतं बसा. मी बसले होते. सासूच्या बीपीच्या गोळ्या न्यायला एक सून आली होती. सरांनी गोळ्या लिहिता लिहिता तिला जवळ बोलावून डोळ्याची पापणी खाली ओढली. आत पांढरीफटक. हिमोग्लोबिन सहा निघालं, हवं त्याच्या जेमतेम निम्मं. तिने स्वतःबद्दल एक शब्दही काढला नव्हता.