शाळेला दिलेला बोर्ड बंद पडला, आता दुरुस्ती कोणाची?

कोल्हापूर महापालिकेच्या शाळा, दवाखाने, बागा यांना मदत करू पाहणाऱ्यांची पत्रे जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि पूर आला की जास्त येतात. यावेळची काही निवडक.

प्रश्न : आमच्या बॅचने वर्गणी काढून महापालिकेच्या आमच्या जुन्या शाळेला डिजिटल बोर्ड दिले. वर्षभरात दोन बंद पडले. शाळा म्हणते, तरतूद नाही. आम्ही म्हणतो, दिले ते तुमचे. खरे कोणाचे?

तुमचे खरे, पण कागदावर असेल तर. वस्तू रीतसर स्वीकारली आणि जडसंग्रह नोंदवहीत (टिकाऊ वस्तूंच्या यादीत) चढली की ती महापालिकेची, मग दुरुस्तीही तिचीच. प्रत्यक्षात काय होते? टेम्पो येतो, नारळ फुटतो, सत्कार होतो, फोटो निघतो आणि नोंद तेवढी राहून जाते. नोंदच नसलेल्या वस्तूच्या दुरुस्तीचे बिल कोण मंजूर करेल? लेखापरीक्षक पहिल्यांदा विचारणार, ही वस्तू आली कुठून?

मुख्याध्यापकांकडे नोंद आहे का पाहा. नसेल तर खरेदीचे बिल आणि वॉरंटी कार्ड जोडून प्राथमिक शिक्षण समितीच्या कार्यालयात पत्र द्या आणि पोच घ्या.

पुढच्या वेळी खरेदीआधी शाळा व्यवस्थापन समितीला भेटा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तीच करते. आराखड्यात मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही असे लिहिलेले असते आणि आपण बोर्ड घेऊन पोचतो! बोर्डच हवे असतील तर दहाऐवजी सहा घ्या, उरलेल्या पैशांत तीन वर्षांचा देखभाल करार करा. फोटोत चार कमी दिसतील. दिसू देत.

प्रश्न : राजारामपुरीत माझे दुकान आहे. महापालिकेच्या दवाखान्यासाठी ५०,००० रुपये रोख द्यायचे आहेत. करात किती वाचतील?

रोख दिलेत तर काहीच नाही. प्राप्तिकरातल्या देणगीच्या वजावटीत (८०जी) २,००० रुपयांवरची रोख देणगी धरत नाहीत, वस्तूरूप देणगी तर मुळीच नाही. चेकने किंवा ऑनलाइन द्या. स्थानिक स्वराज्य संस्थेला धर्मादाय कामासाठी दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, त्यालाही समायोजित (इतर वजावटी काढल्यावरच्या) एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे ५०,००० वर २५,००० ची वजावट. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह सुमारे ७,८०० रुपये वाचतील. हे सगळे जुन्या करप्रणालीत. नवी निवडली असेल तर हा हिशेब विसरा. पावती मात्र महापालिकेचीच घ्या, कुणाच्या प्रतिष्ठानची नको.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे. सीएसआरमधून (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) शहरातला एखादा चौक किंवा बाग दत्तक घेता येईल का? कंपनीचे नाव लावता येईल का?

आधी तुम्हाला सीएसआर लागू आहे का ते पाहा. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक निकष गाठला की मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च बंधनकारक. पर्यावरण, आरोग्य, शिक्षण ही कामे बसतात; मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे असे एकदाचे कार्यक्रम बसत नाहीत. काम संस्थेमार्फत करणार असाल तर तिची अशा कामांसाठीची सरकारी नोंदणी (सीएसआर-१) हवी.

नुसत्या कृतज्ञतेच्या पाटीवर जीएसटी नाही, असे ११ ऑक्टोबर २०१९ चे केंद्राचे परिपत्रक धर्मादाय संस्थांबाबत सांगते. पाटीतून धंद्याची जाहिरात होऊ लागली की हे लागू नाही, आणि महापालिकाही जाहिरात शुल्क मागू शकते. करारात झाडांचे पाणी, दिव्यांचे वीजबिल आणि मुदत संपल्यावर पाटी कोण उतरवणार, हे लिहून घ्या. कायदा कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. धूर शिरोलीत आणि बाग कोल्हापुरात, हे मला तरी पटत नाही.

प्रश्न : आमच्या तालमीकडं पैसा न्हाई, पोरं हायत. त्यांचा उपयोग व्हईल का?

चेकपेक्षा जास्त होईल. गणपतीत बघा : विसर्जनाच्या काहिली (मोठ्या कढया) आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या महापालिकेच्या, लोकांना मूर्तिदानासाठी समजावणारे आणि निर्माल्य वेगळे करणारे हात संस्था-मंडळांचे, मग मूर्ती इराणी खणीत (जुन्या दगडखाणीतल्या पाण्यात). कोणी काय करायचे ते ठरलेले असते म्हणून जमते. आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. १९०१ पासून शाहू महाराजांनी वसतिगृहे उभी केली तेव्हा दरबाराने मदत दिली, पण त्यांतली बरीचशी चालवली त्या त्या समाजाने.

आयुक्तांच्या नावे पत्र द्या. किती पोरे, कोणते वार, कोणते काम ते लिहा. हातमोजे आणि गमबूट कोण देणार, कोणाला लागले तर उपचार कोण करणार, हे आधी विचारा. पूर आल्यावर पत्र द्यायला वेळ नसतो, त्यामुळे मे महिन्यातच जा.

प्रश्न : पूरग्रस्तांसाठी दिलेली रक्कम कुठे खर्च झाली, हे कळेल का?

माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘आमच्या पैशाचे काय केले’ असे विचारू नका. पावती क्रमांक आणि तारीख द्या, रक्कम कोणत्या लेखाशीर्षात (हिशेबाच्या खात्यात) जमा झाली ते विचारा आणि त्या शीर्षाखालच्या खर्चाच्या प्रमाणकांच्या (व्हाउचरच्या) प्रती मागा.