वाळूजमधून जर्मनीला निघालेल्या एका मित्राला उत्तर

"दादा, मी जालन्याचा, वाळूजमध्ये टूल डिझाइनला आहे. चान्सनकार्ट काढून जर्मनीत नोकरी शोधायला यावं म्हणतोय. किती वेळ लागेल, बायको-मुलीला कधी आणावं, आणि एकटं वाटतं का?" असं विचारलंस. दादा म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो.

चान्सनकार्ट म्हणजे जर्मनीत येऊन नोकरी शोधायचा, गुणांवर मिळणारा परवाना. ते गुण कसे मोजतात, ब्लॉक्ड खात्यात (राहण्या-खाण्याचा खर्च आधीच अडकवून ठेवायचं बँक खातं) किती युरो ठेवायचे, हे दूतावासाच्या वेबसाइटवर आहे. तिथे नाही ते सांगतो. ते कार्ड एका वर्षाचं, आणि इथल्या कंपन्यांना तुझ्या वर्षाचं काही पडलेलं नसतं.

आधी सीव्ही अपलोड कर म्हणतात. केला की पुढच्या पानावर तोच सीव्ही रकान्या-रकान्यांत पुन्हा भरायचा. हुद्दा, महिना, वर्ष, शहर. माझ्या पदवीवर औरंगाबाद, पासपोर्टवर औरंगाबाद, २०२३ नंतरच्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर. पडताळणीवाल्या एजन्सीने विचारलं, तुम्ही एकाच वेळी दोन शहरांत कसे? दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात, वडिलांचं नाव कुठे पूर्ण तर कुठे नुसतं अक्षर. हे एचआरला समजावलं, मग एजन्सीला, मग करार बनवणाऱ्या बाईंना. कुणी कुणाला सांगत नाही.

मुलाखतींचंही तेच. चौघं वेगवेगळ्या दिवशी येतात आणि चौघांचा पहिला प्रश्न "स्वतःबद्दल सांगा". एका कंपनीने शनिवार-रविवार घालवून फिक्स्चरचं (मशीनवर जॉब धरून ठेवायच्या साधनाचं) डिझाइन करून घेतलं, वर त्याचं प्रेझेंटेशनही. नंतर गप्प. बऱ्याच महिन्यांनी मेल आला, जागा आतल्याच माणसाने भरली. ती जागा त्याचीच होती तर माझा शनिवार कशाला खाल्ला राव? नोकरी लागून वर्षं झाली तरी त्यांची जाहिरात दिसली की डोकं फिरतं.

वाळूजला आपण बायोडेटा गेटवर वॉचमनकडे द्यायचो. आत कुणी ओळखीचं असलं तर संध्याकाळी फोन, नसलं तर बायोडेटा गेला. त्या वशिल्याला मी लई शिव्या घातल्यात, कारण माझा कुणीच नव्हता. जर्मनीत हे नसेल, या आशेनेच निघालो. अन् इथली नोकरी लागली ती परभणीच्या एका पोराने आत माझं नाव सुचवलं म्हणून. इथे त्याला कर्मचारी-शिफारस म्हणतात, त्याला वर बोनसही मिळाला. फॉर्म तेच भरले, पण या वेळी ते कुणीतरी वाचत होतं. याचा आनंद मानावा की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणून वाळूजची नोकरी सोडू नकोस, तिथूनच अर्ज टाक. तीन महिन्यांची नोटीस इथेही नेहमीचीच, तेवढं थांबायला कंपन्या कुरकुरत नाहीत. निघण्याआधी साहेबांकडून कामाचं सविस्तर पत्र घे. कोणत्या मशीनसाठी काय डिझाइन केलं, हाताखाली किती माणसं होती, सगळं. "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत होते, शुभेच्छा" एवढ्या पत्राला इथे किंमत नाही.

एकटं वाटतं. सगळ्यांनाच वाटतं, पुढे चल.

मुलीचं मात्र नीट ऐक. मी बव्हेरियात आहे. इथे चौथीतच जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांच्या सरासरीवर पोरांची वाटणी होते. एक हा सर्वांत चांगला गुण, आणि गिम्नाझियमला, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, २.३३ किंवा त्याहून चांगली सरासरी लागते. आमची तिसरीत असताना आली. गणितात एक, जर्मनमध्ये चार. रेआलशूलेला, म्हणजे दहावीपर्यंतच्या मधल्या शाळेला गेली. बाई म्हणाल्या, पुढे मार्ग बंद होत नाहीत. खरं आहे ते. पण नऊ वर्षांच्या पोरीला भाषेवरून चाळणीतून काढलं, ते बायकोच्या आणि माझ्या मनातून जात नाही. तुझी दुसरीत असेल तर बायको-मुलीला तुझ्या नोकरीच्या मागोमाग आण, चौथीची वाट बघू नकोस. आणि पहिलीपासून इथे न शिकलेल्या, जर्मन मातृभाषा नसलेल्या मुलांना त्या सरासरीत सवलत मिळू शकते, असं नियमात आहे. आम्हाला शाळेतून ते कुणी सांगितलं नाही. तू पहिल्याच पालकसभेत विचार, आणि उत्तर लेखी माग.