फोन येईनासे झाले, आता मी काय करू?

ताई,
दोन वर्षांपूर्वी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत मी शेवटच्या पाच जणांत होते. वर्षभर कार्यक्रमांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आता फोनच येत नाहीत. एका संगीतकारांनी कोरसला बोलावलं, पण लाज वाटली म्हणून गेले नाही. आई म्हणते, नोकरी बघ. त्यात महिनाभर आवाजही बसलाय. मी संपले का?

प्रिय मैत्रिणी,

आवाज बसल्याचं तू शेवटी, जाता जाता लिहिलंस. मी तिथूनच सुरुवात करते. या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि दुर्बिणीतून स्वरतंतू तपासून घे. सतत ताणून गाणाऱ्यांच्या स्वरतंतूंवर बारीक गाठी येऊ शकतात. वेळीच कळल्या तर बहुतेकदा विश्रांती आणि आवाजाच्या व्यायामांनी त्या बऱ्या होतात. तोवर कार्यक्रम घेऊ नकोस. आणि कुजबुजून बोलणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानंही गळ्यावर ताण येतो.

आता कोरस. बाळा, इथे मात्र तू चुकलीस असं मला मनापासून वाटतं. स्पर्धेनं तुला दुसऱ्यांची गाजलेली गाणी दोन मिनिटांत रंगवायला शिकवलं. वाद्यवृंद तयार होता, पट्टी तुझ्या सोयीची होती, समोर टाळ्या होत्या. स्टुडिओत यातलं काही नसतं. कानात हेडफोन, त्यात लय धरायला लावलेली क्लिकची टकटक, आणि कधी न ऐकलेली एकच ओळ पुन्हा पुन्हा, संगीतकाराच्या मनात उतरेपर्यंत गायची. शब्द कुठे सोडायचा, श्वास ऐकू न येऊ देता कसा घ्यायचा, दहा आवाजांत आपला कसा मिसळायचा, हे सगळं कोरसमध्ये शिकायला मिळतं. शिवाय संगीतकार, संयोजक, ध्वनिमुद्रक तुला काम करताना बघतात. पुढचं काम सहसा अशाच ओळखीतून येतं.

अरिजित सिंग २००५ मध्ये अशाच एका स्पर्धेत अंतिम फेरीआधी बाहेर पडला. त्यानंतर कितीतरी वर्षं तो संगीतकारांच्या हाताखाली म्युझिक प्रोग्रॅमिंगचं, म्हणजे संगणकावर वाद्यांचे सूर-ताल रचायचं काम करत होता. घरोघरी नाव पोचलं ते २०१३ मध्ये. मधली आठ वर्षं त्याचा चेहरा कुणाला आठवतही नसेल. सगळ्यांचं तसं होतं असं मी म्हणणार नाही, पण तुझी तर दोनच झालीत.

त्या संगीतकारांना उद्याच फोन कर. 'तेव्हा आले नाही, माझं चुकलं, गळा बरा झाला की यायला आवडेल,' इतकं पुरे.

आणखी एक. स्पर्धेच्या वेळी सही केलेला करार शोधून काढ. किती वर्षांचा आहे, बाहेरच्या कामातला वाटा कुणाला द्यायचाय का, स्वतःचं गाणं काढायला परवानगी लागते का, हे वकिलाकडून वाचून घे. वाचल्याशिवाय नव्या कशावर सही नको.

आईवर रागावू नकोस. तिला महिन्याचा हिशेब दिसतोय, आणि तो खराच आहे. अर्धवेळ नोकरी कर, शिकवण्या घे. सकाळचा रियाज तेवढा कुणाला देऊ नकोस. घर चालत असलं की पडेल तो कार्यक्रम घ्यावा लागत नाही, गळाही वाचतो. एखादा नवा कवी, नवा संगीतकार गाठून कुणीच न गायलेलं एक गाणं बसवायला घे. लोकांनी तुला अजून तुझ्या गाण्यात ऐकलेलंच नाही गं.

डॉक्टर काय म्हणाले ते मला आधी कळव. वाट बघते.

तुझी ताई