मार्शल आर्ट किंवा कुस्तीची पार्श्वभूमी नसताना बाईला ताई-ची शिक्षिका होता येतं का?

हो, येतं. ब्रिटनमध्ये ताई-ची, म्हणजे संथ हालचालींची ही चिनी युद्धकला, रुजवणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी गेर्डा गेडिस या मूळच्या नॉर्वेच्या. पेशा नृत्याचा आणि मानसोपचाराचा, मारामारीशी काडीचा संबंध नाही. १९४०च्या दशकाच्या अखेरीस शांघायमध्ये त्यांनी एका म्हाताऱ्या माणसाला उघड्यावर ताई-ची करताना पाहिलं आणि त्या हरखून गेल्या. पण परक्या बाईला तिथे शिकवणार कोण? गुरू भेटले पुढे हाँगकाँगला: ताई-चीतल्या यांग शैलीचे नामवंत गुरू यांग चंगफू यांचे शिष्य चॉय हॉक पांग, आणि नंतर चॉय यांचा मुलगा. लंडनला आल्यावरही लगेच कोणी विचारलं नाही. खरी दाद मिळाली ती बऱ्याच वर्षांनी, नृत्याच्या विद्यार्थ्यांकडून, आणि मला त्यात नवल वाटत नाही. एका पायावर पूर्ण भार गेल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही, वाकलेला गुडघा चवड्याच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, ही शिस्त नाचणाऱ्याच्या अंगी लवकर मुरते.

मात्र पार्श्वभूमी लागत नसली तरी गुरूसमोर घालवलेली वर्षं लागतातच. शनिवार-रविवारच्या कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, पण विद्यार्थ्याचा गुडघा का दुखतोय हे त्यातून कळत नाही.